टेडी वेदरफोर्डवर कोणीतरी लिहा

संपादक साहेब,

आपल्या पेपरात संगीतावर इतकं येतं, पण टेडी वेदरफोर्ड हे नाव मी एकदाही वाचलं नाही म्हणून हे पत्र. १९०३ साली व्हर्जिनियात जन्मलेला हा जॅझ पियानिस्ट न्यू ऑर्लिन्समध्ये तयार झाला, मग शिकागोत वेंडोम थिएटरच्या ऑर्केस्ट्रात लागला, मूकपटांचा जमाना, बरेच लोक तर पिक्चरपेक्षा बँड ऐकायलाच यायचे. १९२६ मधलं या ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग आहे, त्यात जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर टेडी!! त्याचा तो तुकडा मी कितीदा ऐकला असेल देव जाणे, काय तो जोर, काय ते लयीशी खेळणं.

आणि त्याच वर्षी हा आशियात निघून आला. नाव होत असतानाच गेला म्हणून जॅझच्या इतिहासात त्याला एखाददुसरी ओळ मिळते, अमेरिकेतच राहिला असता तर थोर जॅझ पियानिस्ट अर्ल हाइन्सच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं असतं असं माझं ठाम मत आहे. पण अमेरिकेत तेव्हा काळ्या वादकाला ज्या हॉटेलात वाजवायचं तिथे राहायला खोली मिळायची नाही, आणि इकडे शांघायमध्ये तो स्टार होता, १९३४ ला ट्रंपेटवादक बक क्लेटनचा अख्खा बँड अमेरिकेतून त्यानेच तिकडे नेला.

मग तो आपल्या मुंबईत आला, ताजमहाल हॉटेलात. आधी क्रिकेट स्मिथच्या बँडमध्ये, नंतर स्वतःच बँडलीडर. फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे वादक त्याच्यासोबत वाजवायचे, आणि हॉटेलांत जॅझ वाजवणारी हीच गोंयकार मंडळी पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ट्रंपेट ऐकून आपण नाचतो ना, ती हवा या हॉटेलांतूनच आली, आणि हे कुणी सांगतच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

युद्धाच्या काळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. एप्रिल १९४५, कॉलरा झाला आणि गेला. फक्त ४१ वर्षांचा.

माझी विनंती एवढीच, रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर एक पानभर लेख येऊ द्या आणि सोबत आवाहनही छापा, त्या काळच्या हॉटेल बँडवाल्यांची मुलं-नातवंडं मुंबईत, गोव्यात असतील, कुणाच्या तरी ट्रंकेत फोटो असेल, जुना प्रोग्राम असेल, तो रद्दीत जायच्या आत बाहेर यायला हवा.

आपला,
एक नियमित वाचक