चोपडी, वजने आणि तुझी प्रश्नावली

गोंदिया

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

जुन्या दुकानांची माहिती गोळा करण्यासाठी तुम्ही केलेली आणि तू पाठवलेली प्रश्नावली वाचली. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानदाराने दोन वाक्यांत तुमची बोळवण केली म्हणून तू खट्टू झालीस; परंतु ‘दुकानाची स्थापना कधी झाली’ असे कोणी दारातच विचारले की गल्ल्यावरच्या माणसाला कर खात्याचा माणूस आल्यासारखे वाटते. शिवाय त्या प्रश्नाला एकच उत्तर नसते. तुझ्या आजोबांच्या दुकानाच्या पाटीवर एक साल होते आणि चोपडीत, म्हणजे हिशेबाच्या वहीत, त्याआधीचे, कारण पाटी रंगवली ती हातगाडी सोडून गाळा घेतल्यावर.

म्हणून सालाऐवजी वस्तूंविषयी विचार. कोपऱ्यात पडलेले जुने लोखंडी वजन उलटे करून दाखवायला सांग. तळाशी शिसे भरलेले असते आणि त्यावर पडताळणीचे शिक्के उमटलेले असतात. ते पाहता पाहता माणूस आपोआप बोलू लागतो. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले, तेव्हा चार आण्यांचे सरळ 25 पैसे झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. तो पाव पैसा गिऱ्हाइकाने सोडायचा की दुकानदाराने, यावरून रोज वाद होत, असे आजोबा सांगत. पुढे शेर जाऊन किलो आला. शेर साधारण 933 ग्रॅमचा, त्यामुळे किलोचा भाव ऐकून बायकांना दुकानदाराने दर वाढवल्यासारखेच वाटे.

उधारीविषयी मात्र अवश्य विचार. नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 साली सुरू झाली आणि 2002 साली बंद पडली. मिलच्या पगारावर ज्यांची खाती मिटत, त्यांचे पुढे काय झाले, हे जुन्या दुकानदारांना तोंडपाठ असेल. दुपारी दोननंतर जा, पोळ्याच्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तर मुळीच नको, आणि फोनवर आवाज टिपण्याआधी परवानगी घे.

आपली चोपडी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली आहे, ती काढून पाहा. पहिल्या पानावरचे कुंकू अजून दिसते. उजवा, म्हणजे नावेच्या (लोकांकडचे येणे लिहिण्याच्या) बाजूचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, तेव्हा कोणाकडे किती येणे राहिले हे आता आपल्यालाही कळणार नाही.

तुझे,
बाबा