त्याच्या बाबांचा फोटो बाहेर काढ

चिरंजीव बाळ यास, आईचे अनेक आशीर्वाद.

कोल्हापुराहून तुमच्याकडून आल्यापासून सूनबाईच्या लेकाचा, आपल्या सोन्याचाच विचार मनात घोळतोय. फोनवर पोरं शेजारी असतात, म्हणून लिहायला बसले.

त्याला 'पप्पा म्हण' असं कुणीही सांगायचं नाही. तू नाही, सूनबाई नाही, शेजारणी तर मुळीच नाहीत. सहा वर्षांचं पोर. दुसऱ्याला पप्पा म्हटलं की आपण आपल्या बाबांना विसरलो, अशी भीती त्याच्या पोटात असते. काका म्हणतोय ना, म्हणू दे. कपाटात साड्यांखाली त्याच्या बाबांचा फोटो आहे. तुला कसं वाटेल म्हणून सूनबाईनं झाकून ठेवलाय, तेव्हा तो बाहेर काढायचं तूच बोल. सोन्या अभ्यासाला बसतो तिथं लावा. पितृपक्षात त्यांच्या तिथीला पान वाढाल, तेव्हा हार त्याच्या हातानं घालू दे.

जेवताना तांबड्या रश्श्याची वाटी तो एका बोटानं लांब सरकवत होता आणि तू 'कोल्हापूरकर व्हायचं तर हे खायलाच पाहिजे' म्हणत होतास. मायेनंच म्हणालास, मला माहीत आहे. पण चिपळूणला आमटी-भातावर वाढलंय ते. त्याला पांढरा रस्सा दे, आणि अधूनमधून त्याच्या आजीच्या हातची आमटी सूनबाईला करू दे.

रात्री अंथरूण ओलं होतं, त्यावर कावू नका. घर बदललं, शाळा बदलली, आईच्या कुशीतली जागा गेली की लहान पोरांचं असं होतं. चादर गुपचूप बदला, तुझ्या लेकीसमोर, छकुलीसमोर विषय नको. फार दिवस चाललं तर डॉक्टरांना दाखवा. रागवायची वेळ आली तर सध्या सूनबाईच रागवेल. तू त्याला संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला ने, दोघंच जा. त्याला बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर म्हशी बघेल.

छकुलीलाही विसरू नकोस. तिची अर्धी खोली गेलीय. 'तू मोठी ना' हे वाक्य तिला ऐकवू नकोस. सांगलीहून तिच्या आईकडून परत आल्यावर ती गप्प असते, तेव्हा चौकशा करू नका. एखाद्या रविवारी रंकाळ्यावर तिला एकटीलाच घेऊन जा.

आडनावाचं मामानं काढलं होतं. वडील हयात नसलेल्या मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईचा, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलंय. तेव्हा तो विषय सूनबाईचा, मामाचा नव्हे. आणि लोक काय म्हणतील याची काळजी सोड. शाहू महाराजांनी १९१७ सालीच संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. महाराज स्वतः दहाव्या वर्षी कागलच्या घाटग्यांकडून या गादीवर दत्तक आले. त्यांच्या गावात तिनं कुणापुढं मान खाली घालायची नाही.

दिवाळीला चिपळूणच्या आजीला बोलव. नातू दुरावला म्हणून ती माउली खचलीय. फोन सूनबाईनं नको, तूच कर, आणि चार दिवस राहायलाच या असं सांग. त्या येणार असतील तर करंज्यांचं सारण मी करून आणते.

तुझी आई