चिऊच्या मल्लखांबाविषयी, आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चिऊचे नाव आम्ही शाळेच्या मल्लखांबाच्या वर्गात घातले आहे आणि ते आता काढायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. हे ऐकून आई फोनवर एकदम गप्प झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, मामाच्या हाताचे जे झाले ते मीही विसरलेले नाही. मात्र इथे खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात, सर हाताच्या अंतरावर उभे असतात आणि पायाची पकड पक्की झाल्याशिवाय कोणालाही उंच जाऊ देत नाहीत. शिवाय तिच्या डॉक्टरांना विचारूनच आम्ही होकार दिला.

परवा मी स्वतः वर्गात बसून पाहिले. मुली दोरीवर शिकतात. ती सुती दोरी वरच्या आकड्यापासून मोकळी लोंबत असते, तिला चढण्यासाठी कुठे गाठ नसते; पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात ती धरायची, हातांनी अंग वर ओढायचे आणि पुन्हा वर नवी पकड घ्यायची. चिऊ अर्ध्यावरून वारंवार घसरत होती, तळपाय लालबुंद झाले होते आणि उठून तिला कडेवर घ्यावे असे मला सारखे वाटत होते. मग तिने खालचा ओठ दातांत धरला, बाबा, तुम्ही सायकलची साखळी बसवताना धरता अगदी तसा, आणि ती वरपर्यंत गेली. खाली उतरल्यावर तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. सरळ रांगेत मागे जाऊन उभी राहिली. वर्गात नाव पुकारले तरी मान खाली घालणारी आपली चिऊ पुन्हा पाळी यावी म्हणून रांगेत उभी राहते, यापुढे मला दुसरे कारण द्यावेसे वाटत नाही.

तरीही देते, कारण या खेळाचे पुढे काय, असे आई तू विचारलेस. 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2024 मध्ये मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. चिऊने स्पर्धेत उतरावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. पण हा खेळ आता कुठल्यातरी तालमीच्या कोपऱ्यात पडलेला नाही, एवढे तुला कळावे. बाबा, दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मल्लखांबाला नव्याने उभे करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची तुमची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा आजोबा खांबाला एरंडेल का लावायचे, असे तिने विचारले. त्याचे उत्तर तुम्हीच तिला द्या.

दोरीने तिच्या पोटरीची साल निघते. तू माझ्या गुडघ्याला खोबरेल लावून फुंकर घालायचीस तसे मी करते, पण तुझ्या हाताचा गुण माझ्या हाताला नाही, आई. मला अजूनही बरे नसले की तूच हवी असतेस.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेचे शिबिर आहे, त्यामुळे चिऊ यंदा सांगलीला उत्तरार्धातच येईल. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मात्र मी एकटी येणारच आहे. ह्यांनी त्या आठवड्याची रजा आधीच घेऊन ठेवली आहे. दोन वेळच्या डब्याचे शेजारच्या काकूंशी बोलले आहे, भाजीत तिखट कमी घालायलाही सांगितले आहे. बाबांचा पलंग खिडकीपासून आत सरकवून घेऊ, म्हणजे दुपारचे ऊन डोळ्यांवर येणार नाही. तोपर्यंत बाबा, माळ्यावर चढायचे नाही, आंब्याच्या पेट्या उचलायच्या नाहीत आणि डोळ्यांत घालायचे थेंब आईच्याच हातून घालून घ्यायचे. आई, साखरेची गोळी चुकवायची नाही. एकादशी असली तरीही नाही, आणि त्यावर वाद नको.

रविवारी सर व्हिडिओ कॉल करू देणार आहेत. चिऊ दोरीवर असेल तेव्हा आई, कृपा करून हाक मारू नकोस, तिचे लक्ष विचलित होते. ती खाली उतरली की मग तिच्याशी हवे तितके बोल.

तुमची,
लेक