पदर लागला तरी आग होते

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

छातीत डावीकडे दुखतंय म्हणून आईला तुमच्याकडे आणलं, तेव्हा वाटेतच सगळ्यांची निदानं करून झाली होती. काका म्हणत होते अटॅक, मावशी म्हणत होती गॅस. ओव्याचं पाणीही पाजून झालं होतं. तुम्ही दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढलात. तो चांगला आला, तरी आईला सोडलं नाहीत. पहिल्या ईसीजीवरून अटॅक नाहीच असं म्हणता येत नाही, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) रक्तात वाढायला काही तास लागतात, शिवाय डायबेटिस असलेल्यांची लक्षणं फसवी असतात, हे उभ्या उभ्या का होईना, पण नीट समजावलंत.

मग तुमचे प्रश्न. दुखतंय ते बोटानं दाखवता येतं की तळहातानं? जिना चढल्यावर वाढतं? पुढे वाकलं की बरं वाटतं? पायाला सूज? लांबचा प्रवास? प्रत्येक प्रश्नामागे वेगळा आजार होता: पुढे वाकून बरं वाटलं तर हृदयाच्या आवरणाची सूज, पाय सुजलेला असेल तर फुप्फुसात गेलेली गुठळी. आई मात्र एकच सांगत होती, "पदर लागला तरी आग होते." त्या गर्दीत हे वाक्य तुम्ही उचललंत. पाठीच्या कण्यापासून पुढे छातीपर्यंत हलकेच बोट फिरवलंत. दुखणं एका पट्ट्यात होतं, डावी बाजू सोडत नव्हतं. कातडीवर तेव्हा काहीही नव्हतं!

दुसरं ट्रोपोनिनही नॉर्मल आल्यावर तुम्ही म्हणालात, ही नागीण असू शकते. फोड दिसले तर त्याच दिवशी या, गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. दोन-तीन दिवसांत फोड उठले आणि आम्ही लगेच आलो.

शेजारच्या आजींनी आईला घाबरवलं होतं, नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो. तुम्ही तिच्याजवळ बसलात. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं नसेच्या मुळाशी पडून राहतो, पुढे त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो, म्हणून तो बहुधा अंगाची एकच बाजू धरतो, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगितलंत. त्या रात्री ती शांत झोपली. औषधांइतकेच त्या पाच मिनिटांसाठी तुमचे मनापासून आभार.

अजून कधीतरी चमक येते तिला, पण आता ती घाबरत नाही. पुढच्या तपासणीला तुम्हाला स्वतः भेटायचंय म्हणते.

आपला कृतज्ञ,
एका पेशंटचा मुलगा