लिटल एंजल्सना कोल्हापुरात पाठवा : कोरियाच्या महावाणिज्यदूतांना खुले पत्र

मा. महावाणिज्यदूत,
कोरिया प्रजासत्ताक, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. आपल्या देशाचं 'लिटल एंजल्स' हे लहान मुलांचं लोकनृत्य पथक भारतात आणायचं ठरलं, तर त्याचा एक प्रयोग कोल्हापुरात व्हावा. दिल्लीत निमंत्रितांसमोर तासाभराचा कार्यक्रम, मग चहापान, फोटो आणि परतीचं विमान, एवढ्यावर भागवू नये.

कोल्हापूरच का? कोरियन युद्धात 1953 मध्ये युद्धबंदीचा करार झाला, पण मायदेशी परत जायला नकार देणारे 22 हजारांहून जास्त युद्धकैदी सांभाळायचे कुणी, हा प्रश्न उरला होता. ते काम भारतीय सैन्याकडे आलं. त्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख होते आमच्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. तुमचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके नाराज होते, की भारतीय जवानांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू द्यायलाही ते तयार नव्हते. शेवटी इंचॉनच्या किनाऱ्याजवळ आलेल्या जहाजांवरून आमच्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव होतं 'हिंद नगर'. दोन्ही बाजूंच्या शिव्या खात आमच्या लोकांनी ते काम पार पाडलं. भारत-कोरिया मैत्रीच्या समारंभांत कोरियाच्या राजाशी लग्न केलेल्या अयोध्येच्या राजकन्येची दंतकथा हमखास निघते. हिंद नगरचं नाव मात्र क्वचितच निघतं.

2010 मध्ये, युद्धाला साठ वर्षं झाली तेव्हा, हेच पथक त्या युद्धात मदतीला आलेल्या देशांच्या दौऱ्यावर निघालं आणि म्हाताऱ्या सैनिकांसमोर नाचलं. 1965 च्या पहिल्या परदेश दौऱ्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमोर, 1971 मध्ये लंडनला राणीसमोर, 1998 मध्ये चक्क उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगमध्ये, असे मोठमोठे प्रयोग या मुलांच्या नावावर आहेत. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाचा दौरा सैनिकांचाच. ज्या काळात कोरिया म्हटलं की जगाला फक्त युद्ध आणि अनाथ मुलं आठवायची, त्या काळात हानबोक हा पारंपरिक पोशाख घातलेल्या चिमुरड्यांनी जांगू हा ढोल वाजवत देशाची दुसरी ओळख करून दिली. आज ते काम के-पॉप करतं, आमच्या भाच्या-पुतण्यांच्या मोबाईलमध्ये तुमचे तारे ठाण मांडून बसलेत. म्हणूनच आता या मुलांना जाहिरातीच्या ओझ्यातून मोकळं करता येईल.

दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, हे पथक सरकारी नाही. युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथाचे संस्थापक सन म्युंग मून यांनी 1962 मध्ये ते उभं केलं. कार्यक्रमपत्रिकेत हे सरळ छापा. नाच बघायला त्याची अडचण नाही, पण कोण पाठवतंय हे इथल्या शाळांना आणि पालकांना माहीत असावं. (जमलंच तर हेही छापा, की शेकडो वर्षं जुना वाटणारा हातपंख्यांचा नाच किम बेक-बोंग यांनी 1954 मध्ये रंगमंचावर आणला. त्यानं त्याची शोभा कमी होत नाही, उलट युद्धानंतरच्या मोडक्या देशात कुणाला हे सुचलं याचं कौतुक वाटतं.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलांना राजदूत म्हणणं सोपं आहे. राजदूताला भत्ता असतो, सुट्टी असते, नकार द्यायची मुभा असते. दहा वर्षांच्या मुलीला यातलं काय असतं? तुमच्या कायद्यात मनोरंजन क्षेत्रातल्या पंधरा वर्षांखालच्या कलाकारांना आठवड्याला जास्तीत जास्त 35 तास काम आणि रात्री दहानंतर विश्रांती, अशी मर्यादा आहे. दूतावासाच्या निमंत्रणावर येणाऱ्या प्रत्येक बालपथकाला किमान तेवढी मर्यादा पाळली जाईल, असं आपण जाहीर करावं. तालमी आणि प्रवासाचे तासही त्यातच मोजा. रात्री नऊच्या सत्कारासाठी मुलांना ताटकळत ठेवणं आमच्या पुढाऱ्यांना फार आवडतं. ते होऊ देऊ नका.

आता मुलांनी इथं काय करावं. चुसोक या सुगीच्या सणाच्या पौर्णिमेला तुमच्या जेओला प्रांतातल्या बायका हातात हात घालून फेर धरतात, एक जण ओळ म्हणते आणि बाकीच्या 'कांगांगसुल्ले' म्हणून उत्तर देतात. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आमच्या भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आसपासच येते. त्याच सुमारास हस्त नक्षत्र लागलं की आमच्या मुली हत्तीच्या चित्राभोवती हादग्याचा फेर धरतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची चढाओढ लागते. दोन्हीकडच्या मुलींना एकाच पटांगणात आणा. अर्धा वेळ त्यांचा नाच, अर्धा वेळ आमच्या मुलींनी त्यांना फेर आणि लेझीम शिकवायची. दुभाषा एक पुरे. खिरापतीत काय ठेवायचं ते आम्ही ठरवू. फक्त शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, ते आधी कळवा.

जागेचं म्हणाल तर केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं, त्यामुळे त्याच्यावर अडून राहू नका. मोठं पटांगण असलेली कुठलीही शाळा चालेल. पुढच्या ओळीतल्या खुर्च्या माजी सैनिकांना द्या, मुलं खाली सतरंजीवर बसतील. वेळ सकाळी दहाची ठेवा आणि भाषणं दोनच, तीही पाच-पाच मिनिटांची.

आपली,
एक कोल्हापूरकर