घरी ठेवलेल्या म्हाताऱ्या कोंबड्याकडं पण बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गावठी कोंबडीपालनावर अधूनमधून चांगलं येतं, अंडी किती, खाद्याचा खर्च किती, पिल्लं कशी जगवायची सगळं येतं, पण कोंबड्याचा विषय निघाला की एकच ओळ, वर्ष-दोन वर्षांनी काढून टाका. विकणाऱ्याला किंवा मिरगाला कापणाऱ्याला माझं काही म्हणणं नाही, आमच्या खानापूर तालुक्यात मिरगाचा कोंबडा घरोघरी होतो आणि आमच्यातही होतो. माझं म्हणणं आहे ते आपण मुद्दाम ठेवून घेतलेल्या कोंबड्यांबद्दल. कुणी जातिवंत म्हणून ठेवतं, कुणी पोरांचा लाडका म्हणून, आणि कितीतरी देवाच्या नावानं सोडलेले असतात, त्यांना कापायचं पण नाही विकायचं पण नाही. हे कोंबडे म्हातारे झाले की त्यांच्याकडं कोण बघत नाही, कापला नाही म्हणजे सांभाळला असंच आपण धरून चाललोय.

गावठी कोंबडा नीट ठेवला तर पाच ते आठ वर्षं काढतो. दोन-तीन वर्षांनंतर अंडी फळायचं कमी होत जातं हे खरं आहे, पण राखणीला तो उपयोगीच असतो. वर घार दिसली की त्याचा आवाज वेगळा, जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रं आलं की वेगळा, आणि कोंबड्यांना तो फरक बरोबर कळतो. दाणा सापडला तर स्वतः गिळायच्या आधी कोंबड्यांना बोलावतो. असा जीव पाय अधू झाला म्हणून दिवसभर डालग्याखाली झाकून ठेवतात ते बघून मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त दुखणं पायाचं. बंगळूरच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय कॉलेजनं काढलेली गिरिराज जात आपल्याकडं बरीच पसरलीय, नर तीन-चार किलोच्या घरात जातो, आणि एवढं वजन घेऊन तो उंच दांडीवरनं नाहीतर गडग्यावरनं उडी टाकतो, तळव्याला लागतं, आत पू धरतो आणि घट्ट होतो, वर काळी खपली दिसते. ती खपली नखानं उचकटून काढू नका, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून स्वच्छ करा, कोरडा करून पट्टी बांधा, आणि सूज वाढत असेल, पाय गरम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मुळात दांडी खाली घ्या, जमिनीपासून एक-दीड फूट पुरे, आणि पाय पसरून बसता येईल अशी रुंद पट्टी लावा. पायामागचा काटा पण म्हातारपणी वाढून वाकतो आणि पायातच रुततो मग बिचारा फेंगडा चालतो. त्याचं नुसतं टोक कानशीनं हळूहळू घासायचं, आत हाड असतं आणि रक्त असतं, कोयत्यानं छाटलं तर रक्त थांबत नाही. पायाची खवलं वर उचललेली, पांढरट, जाड दिसली तर खाली बारीक किडे असतात. साबणाच्या कोमट पाण्यानं पाय धुऊन व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल चोपडायचं, काही आठवडे सोडायचं नाही, हळूहळू उतरतं. रॉकेल आणि डिझेल लावायची पद्धत मात्र बंद करा, कातडी भाजते.

आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. खुराड्यातलं तूस ओलं राहिलं की वास डोळ्याला झोंबतो, कोंबड्याला सर्दी धरते, पाय चिघळतात. तूस वरचेवर बदला, आणि छपराखाली एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवा, म्हातारा कोंबडा अंग घुसळायला लांब जात नाही आणि मग शेपटीखाली उवा होतात. रात्री दांडीवर शांत असताना उचलून बघायची सवय लावा, छातीचं हाड हाताला धारेसारखं लागलं तर तो वाळलाय, पिसांमुळं दिवसा कळत नाही.

खाद्याचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कोंबड्याला एक टक्का पुरतं, वर्षानुवर्षं तेच खाऊन त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. सगळ्यांना ग्रोअर फीड म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य घाला आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा, कोंबड्या लागेल तेवढा खातात. म्हाताऱ्या कोंबड्याला भिजवलेली कणी, नाचणी, थोडा पाला, आणि नजर कमी झाली असेल तर पाणी आणि खाणं रोज त्याच जागी. तरणा कोंबडा टोचून टोचून डोकं फोडत असेल तर मध्ये जाळी मारा, पण एखादी जुनी कोंबडी त्याच्याजवळ राहू दे, अगदी एकटा पाडला तर खाणं सोडतो.

आता पशुखात्याला विनंती. कोंबडा घेऊन दवाखान्यात गेलं की काय बाई कोंबड्याला औषध मागायलीस, दुसरा घे, असं ऐकायला मिळतं. नव्या कोंबड्याची किंमत आम्हाला पण माहीत आहे, आम्ही उपचार मागायलोय. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पण चार-सहा पक्षी असलेल्या घराला परवडत नाही, बाटली 100 पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी येते आणि एकदा मिसळली की एक-दोन तासांत संपवावी लागते. मग गल्लीतल्या सगळ्यांनी एका दिवशी पक्षी गोळा करून टोचून घ्यायला पाहिजे, खात्यानं तारीख दिली तर बायका स्वतः पुढं होतील. त्याची पत्रकं कानडीबरोबर मराठीत पण द्या, परड्यातल्या कोंबड्या सांभाळणाऱ्या आमच्या बऱ्याच वयस्कर बायकांना मराठीच वाचता येतं.

आणि आजारी कोंबडा रात्री नेऊन देवळाच्या आवारात नाहीतर रानात सोडायचा प्रकार थांबायला पाहिजे. कारण नसताना जनावर उपाशी-तहानेलं मरेल असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि त्याच्या रोगानं गावातली बाकीची कोंबडी पण मरतात. उठताच येत नाही, खातच नाही अशी अवस्था आली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला शांतपणे मरण द्या, तडफडत ठेवू नका, आणि मेलेला ओढ्यात टाकू नका, खोल पुरून वर चुना टाका.

यावर आपल्या शेतीच्या पानावर एखाद्या पशुवैद्याकडून सविस्तर लिहून घ्यावं ही विनंती. मिरगाच्या आधी छापलंत तर तूस भरून ठेवायला आणि दांड्या खाली घ्यायला लोकांना वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक, जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव