खोकला कूलरचा नाही, बाबा

पुणे, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

काल फोनवर आई म्हणाली, "तुझे बाबा खोकलूनच राहिले." वाळ्याची ताटी बदलली, हळदीचं दूध झालं, फरक नाही. बाबा, खोकला कूलरचा नसावा. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास. माझा संशय दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या रक्तदाबाच्या गोळीवर, रामिप्रिलवर आहे.

अकरावीच्या पोरांना फळ्यावर शिकवते तेच सांगते. रक्तदाब उतरला की किडनी रेनिन नावाचं विकर रक्तात सोडते. ते यकृताने बनवलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, अँजिओटेन्सिन-१. दहा मण्यांची माळच म्हणा, जवळपास निरुपयोगी. मग मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं दुसरं विकर, एसीई, त्यातले दोन मणी तोडतं आणि खरं संप्रेरक तयार होतं, अँजिओटेन्सिन-२. ते रक्तवाहिन्या आवळतं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, आणि दाब चढतो. तुमची गोळी एसीईला अडवते. पण ब्रॅडीकायनिन नावाचं शरीरातलं एक रसायन मोडायचं कामही त्याच एसीईकडे. ते साचलं की घसा खवखवतो.

दोन दिवस गोळी गाळून पाहिलीत, खोकला थांबला नाही, म्हणून गोळी निर्दोष, हा तुमचा हिशेब चुकला. बंद केल्यावरही खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात. आणि कृपा करून स्वतःच्या मनाने गाळू नका. डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. बहुधा टेल्मिसार्टनसारखं काही देतील. ते एसीईच्या वाटेला जात नाही, थेट अँजिओटेन्सिन-२ ला अडवतं. तोवर ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना.

आई, या जातीचं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सुचलं. नाग नदीकाठच्या माणसांनी सापाला नावं ठेवू नयेत.

ते 'कमी सोडियम'चं मीठ मात्र परत कर. त्यात पोटॅशियम असतं, आणि या गोळीने ते आधीच वाढू शकतं. गुडघ्यासाठी बाबा विचारल्याशिवाय घेतात ती वेदनाशामक डायक्लोफिनॅकही बंद. पंचेचाळीस डिग्रीत अंगातलं पाणी आटलेलं असताना दोन्ही गोळ्या मिळून किडनीला महागात पडतात. उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

मी रविवारी सकाळी पोचते. उन्हात स्टेशनवर येऊ नका, ऑटो करीन.

तुमची,
चिमी